शोभा घराची, आधार कारागिराला

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. या म्हणीत घराच्या सजावटीचा मात्र उल्लेख नाही. ज्या काळी ती रूढ झाली, त्या काळी सजावट हा बांधकामाहून निराळा खर्च नव्हताच. गावचा सुतार देव्हारा घडवी, कुंभार रांजण आणून देई, बुरूड सुपे-टोपल्या विणी आणि भिंती सारवून त्यांवर चित्रे काढण्याचे काम घरातील स्त्रिया करीत. आज परिस्थिती पालटली आहे. बांधकाम जेथे संपते तेथे दुसऱ्या खर्चाला प्रारंभ होतो. पडदे, दिवे, दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तू, व्हरांड्यातील कुंड्या अशी यादी लांबत जाते. या सर्वांसाठी किती पैसा लागेल याची चर्चा प्रत्येक घरी होते. तो पैसा कोणाच्या हाती जाईल याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि भिलाईसारख्या शहरात तर तो विशेष विचार करण्याजोगा आहे.

भिलाई हे पोलादाचे शहर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भाशी थेट जोडलेल्या या शहरात मराठी कुटुंबेही स्थिरावली. कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर आणि त्यांतील क्वार्टर हेच अनेकांचे आयुष्यभराचे घर ठरले. क्वार्टर कितीही सोयीचे असले तरी ते कारखान्याचे. तेथील भिंतीवर खिळा ठोकतानाही मन कचरते. त्यामुळे सजावटीची हौस ‘स्वतःचे घर झाले म्हणजे पाहू’ या एका वाक्यावर तीस-तीस वर्षे पुढे ढकलली जाते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडण्याची वेळ येते. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची रक्कम हाती पडते आणि स्मृतिनगर, नेहरूनगर, रिसाली, जुनवानी अशा भागांत स्वतःचे घर उभे राहते. तीस वर्षे थांबलेली हौस तेव्हा मोकळ्या हाताने पुरवली जाते, आणि त्यात गैर काहीच नाही.

प्रश्न आहे तो त्या हौसेच्या दिशेचा. दुकानातील छापील पुस्तिका किंवा मोबाइलच्या पडद्यावरील चित्रे पाहून वस्तू निवडल्या जातात. दूरच्या कारखान्यात साच्यातून निघालेली एकसारखी फुलदाणी, कृत्रिम धाग्याचे पडदे आणि राळेत ओतलेल्या मूर्ती घरी येतात. ज्या प्रदेशात हे घर उभे आहे, त्या छत्तीसगडचे त्यात काय असते? बहुधा निवृत्तीच्या समारंभात मिळालेला एखादा पितळी हत्ती! तोही काचेच्या कपाटात, इतर स्मृतिचिन्हांच्या गर्दीत उभा असतो.

पोलाद येथे, लोहशिल्प तेथे

भिलाईच्या भट्ट्यांना दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिजाने दीर्घकाळ पोसले. त्याच खनिजसंपन्न पट्ट्याच्या दक्षिणेस बस्तर आहे आणि तेथील लोहार पिढ्यान् पिढ्या लोखंडावर हात चालवीत आले आहेत. पूर्वी हे लोहार स्वतःच खनिज वितळवून लोखंड काढीत. आज बहुतेक जण मोडीत निघालेले लोखंड वापरतात. ते तापवून, ठोकून, वळवून ते दिवे, पशुपक्षी आणि मानवाकृती घडवतात. एकीकडे देशाच्या रेल्वेसाठी रूळ घडवणारे शहर आणि दुसरीकडे हातोड्याच्या घावांनी दीपस्तंभ घडवणारे गाव. दोघांचा धातू एक, दोघांचे राज्यही एक. तरीही पोलाद कारखान्यात आयुष्य घालवलेल्या गृहस्थाच्या घरात बस्तरचा लोखंडी दिवा सहसा आढळत नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३० वर कोंडागाव लागते. हे गाव ढोकरा कलेसाठी देशविदेशांत ज्ञात आहे. शिल्पगुरू जयदेव बघेल (निधन २०१४) यांनी या कलेला जागतिक पातळीवर नेले. या पद्धतीत प्रथम मातीचा गाभा तयार करतात. त्यावर मधमाशांच्या मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी उठवतात व वरून पुन्हा मातीचा लेप देतात. हा साचा भाजला की मेण वितळून निघून जाते आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत वितळलेले पितळ ओततात. धातू थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो. एका साच्यातून एकच वस्तू निघते, त्यामुळे हुबेहूब दुसरी वस्तू होऊच शकत नाही. मोहेंजोदडो येथील सुप्रसिद्ध नर्तिकेची मूर्ती याच मेणाच्या पद्धतीने घडवलेली आहे. म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांची ही विद्या भिलाईहून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आजही जिवंत आहे. रायगड जिल्ह्यातील एकताल या गावीही झारा समाजाचे कारागीर ही कला जोपासतात.

यादी येथेच संपत नाही. चांपा आणि कोरबा परिसरातील कोसा रेशीम हे अर्जुन व ऐन या वृक्षांवर पोसलेल्या किड्यांच्या कोशांपासून मिळते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावचा कोसा ज्यांनी पाहिला आहे, त्या वैदर्भीय कुटुंबांना त्याची मूळची सोनेरी छटा परिचित असेलच. त्याच्या साड्या घेतल्या जातात. परंतु उशांचे अभ्रे, पलंगपोस वा दिवाणखान्यातील एखादा पडदा यांसाठीही तो शोभतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. जगदलपूरजवळील नगरनार येथे भाजक्या मातीचे देखणे हत्ती घडतात. याच नगरनारमध्ये २०२३ साली नवा पोलाद कारखाना सुरू झाला, हा योग भिलाईकरांना विशेष वाटावा. बस्तरचे काष्ठशिल्प, ठिकठिकाणच्या बुरूड कारागिरांचे बांबूकाम आणि दुर्गजवळील थनौद या मूर्तिकारांच्या गावातील मातीकाम हीदेखील याच प्रदेशाची धनदौलत आहे.

शासनाने या कलांना कायद्याचे संरक्षणही दिले आहे. भौगोलिक उपदर्शन कायदा १९९९ साली संमत झाला व सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याखाली बस्तरचा ढोकरा, बस्तरचे लोहशिल्प, बस्तरचे काष्ठशिल्प आणि चांपा येथील रेशीम यांची नोंदणी झालेली आहे. या नोंदणीमुळे अन्य कोणास ते नाव वापरून माल विकता येत नाही. मात्र नोंदणी नावाचे रक्षण करते, वस्तू विकून देत नाही. विक्रीसाठी ग्राहकच यावा लागतो.

सोनाबाईंचे घर

घराच्या सजावटीचा विषय निघाला म्हणजे छत्तीसगडातील एका घराची आठवण अपरिहार्य ठरते. सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा या खेड्यात सोनाबाई रजवार नावाची गृहिणी राहत होती. सुमारे पंधरा वर्षे तिला घराबाहेरील माणसांच्या सहवासापासून दूर ठेवण्यात आले होते. त्या एकांतात तिने घरच्या मातीलाच सोबती केले. मुलासाठी मातीची खेळणी केली. ऊन अडवण्यासाठी बांबूच्या कामट्या वाकवून त्यांची वर्तुळे एकमेकांना बांधली आणि त्यांवर माती लिंपून जाळी तयार केली. त्या जाळीत पक्षी, माकडे आणि नाचणारी माणसे बसवली. कोणत्याही दुकानातून काहीही न आणता ते साधे घर एक अद्भुत वास्तू झाले.

१९८३ साली भोपाळच्या भारत भवनाचे कलाशोधक त्या घरी पोहोचले. पुढे सोनाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला व मध्य प्रदेश शासनाचा तुलसी सन्मानही लाभला. गावातील इतरांनाही त्यांनी ही कला शिकवली. २००७ साली त्यांचे निधन झाले आणि २००९ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मिंगेई आंतरराष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या कलेचे प्रदर्शन भरले.

‘मिंगेई’ हा शब्द जपानी आहे. जपानी विचारवंत यानागी सोएत्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो प्रचारात आणला. सामान्य माणसांनी सामान्य माणसांच्या नित्य वापरासाठी घडवलेल्या वस्तूंतही श्रेष्ठ सौंदर्य असते, हा त्यामागील विचार. आपल्याकडे हेच कार्य कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी केले. १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा त्यांनी वाहिली. दोन्ही प्रयत्नांचे सूत्र एकच होते. हस्तकला टिकायची तर ती संग्रहालयापेक्षा घरात टिकली पाहिजे. सोनाबाईंची जाळी सॅन डिएगोच्या प्रेक्षकांनी पाहिली, हे अभिमानास्पद आहेच. परंतु तशी जाळी भिलाईच्या एखाद्या नव्या घराच्या व्हरांड्यात दिसावी आणि ती करण्यासाठी सरगुजाच्या कारागिराला निमंत्रण जावे, ही अपेक्षा अधिक मोलाची नव्हे काय?

कर्ज आहे, मागणी कोठे?

कारागिरांना साहाय्य करावे म्हटले की पहिला विचार कर्जाचा येतो. बँकेच्या दृष्टीने तो स्वाभाविकच आहे आणि आज तशी सोयही मुबलक आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत व ‘किशोर’ गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत लोहार, सुतार, कुंभार, मूर्तिकार आणि टोपल्या-चटया विणणारे हे सर्व येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये भत्ता आणि ५ टक्के सवलतीच्या व्याजदराने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप आहे.

योजना चांगल्या आहेत, यात शंका नाही. तथापि कर्जाचे एक साधे गणित विसरून चालत नाही. १ लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के दराने १८ महिन्यांत फेडावयाचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ५,७८० रुपये येतो. हा हप्ता दर महिन्याला द्यावाच लागतो. कारागिराची विक्री मात्र दर महिन्याला होत नाही. दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत मेळे आणि प्रदर्शने भरतात, तेव्हा हातात पैसा येतो. पावसाळ्यात माती वाळत नाही, भट्टी पेटत नाही आणि गिऱ्हाईकही फिरकत नाही. पितळ, मेण, लोखंड आणि कोळसा यांसाठी मात्र आधीच पैसे मोजावे लागतात. अशा वेळी कर्जाच्या रकमेतून कच्चा माल येतो, वस्तू तयार होतात आणि त्या घरातच पडून राहतात. पेरणीस बियाणे मिळाले पण पाऊस लांबला, तर शेतकऱ्याची जी अवस्था होते तीच या कारागिराची होते. खाते थकीत झाले की बँकेचे दार त्याला पुन्हा सहजी उघडत नाही, आणि त्याचा मुलगा बापाचा हातोडा बाजूला ठेवून शहरात मजुरी शोधतो.

म्हणून कारागिराची खरी गरज आहे ती नियमित मागणीची. भिलाईला हे तत्त्व अपरिचित नाही. थोर पंडवानी गायिका तीजनबाई यांना भिलाई पोलाद कारखान्याने नोकरी दिली होती. दरमहा येणाऱ्या वेतनाचा आधार कलावंताला लाभला की कला निर्वेध बहरते, हे त्या उदाहरणाने दाखवून दिले. प्रत्येक कारागिराला नोकरी देणे शक्य नाही. परंतु वर्षभर थोडी थोडी मागणी देणे नागरिकांना निश्चितच शक्य आहे.

पाट नेऊन ठेवण्याची रीत

ही मागणी कशी द्यावी, याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. ते त्याच्या गणेशोत्सवातच आहे. कोकणात अनेक घरांतून गणपतीचा पाट काही आठवडे आधीच मूर्तिकाराच्या ‘शाळेत’ नेऊन ठेवतात. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला घरी येते. विदर्भातून बाहेर पडलेल्या कुटुंबांतही मूर्ती आधीच सांगून ठेवण्याची व थोडी रक्कम विसार म्हणून देण्याची पद्धत आहे. या रीतीत चार गोष्टी आपोआप साधतात. मूर्तिकाराला किती मूर्ती हव्यात हे आधी कळते. विसाराच्या रकमेतून त्याची माती आणि रंग येतात. मूर्ती ठरल्या दिवशी नेली जाते, त्यामुळे माल पडून राहत नाही. आणि पुढील वर्षी तेच कुटुंब त्याच मूर्तिकाराकडे जाते. या व्यवहारात घासाघीस फारशी होत नाही, कारण घेणारा त्या वस्तूचा मान जाणत असतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत ज्यास आगाऊ मागणी, खेळते भांडवल, वेळेवर देयक आणि टिकाऊ ग्राहकसंबंध म्हणतात, ते सर्व या एका पाटावर विराजमान झालेले आहे. प्रश्न इतकाच, की वर्षातून एकदा देवासाठी पाळली जाणारी ही रीत घराच्या इतर वस्तूंसाठी का पाळली जाऊ नये? गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरला की आचाऱ्याला तीन महिने आधी सांगितले जाते. मग दिवाणखान्यातील दिवा, देवघराचे दार, व्हरांड्यातील कुंड्या यांसाठी लोहाराला, सुताराला आणि कुंभारालाही तीन महिने आधी सांगता येईल. ढोकऱ्याची वस्तू साचा वाळल्याशिवाय ओतता येत नाही आणि आभाळ भरून आले असता साचा वाळत नाही. हे ज्याला ठाऊक आहे, तो ग्राहक ‘रविवारपर्यंत हवी’ असा हट्ट धरणार नाही.

त्यासाठी संपूर्ण घर हस्तकलेने भरावे असे मुळीच नाही. समजा, एखाद्या कुटुंबाने सजावटीसाठी २ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे २०,००० रुपये स्थानिक कारागिरांसाठी राखून ठेवला, तरी घराच्या अंदाजपत्रकास धक्का बसत नाही. अशी दहा घरे मिळून २ लाख रुपयांची मागणी होते, आणि वर सांगितलेल्या हप्त्याच्या हिशेबात ही रक्कम जवळजवळ ३५ महिन्यांच्या हप्त्यांइतकी भरते. त्यातून कच्च्या मालाचा खर्च वजा जाईल, तो निराळा. तरीही एका कारागिराचे कर्जखाते सुस्थितीत राहील की थकेल, हे अवघ्या दहा घरांच्या निर्णयावर ठरू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

पैसे कसे द्यावेत, यालाही महत्त्व आहे. रोख रकमेपेक्षा कारागिराच्या बँक खात्यात थेट रक्कम जमा केली, तर त्याच्या व्यवसायाची नोंद तयार होते. विश्वकर्मा योजनेतील दुसऱ्या टप्प्याचे कर्ज देताना पहिल्या कर्जाची परतफेड पाहिली जाते आणि डिजिटल व्यवहारांची सवयही विचारात घेतली जाते. म्हणजे ग्राहकाने मोबाइलवरून केलेले प्रत्येक देयक कारागिराच्या पुढील कर्जाचा मार्ग सुकर करते. वस्तू घेताना बिल मागावे व त्यावर घडवणाऱ्याचे नाव घालण्याचा आग्रह धरावा. अनुकरण केलेला माल ओळखण्याचाही तो एक साधा उपाय आहे.

घरसजावटीचे काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्या व्यावसायिकाने लेखी करार असल्यास अधिकाधिक ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करावयाचे असतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. या तरतुदीचा लाभ मिळण्यासाठी कारागिराने आपली उद्यम नोंदणी करून घेणे हिताचे. ‘कारागिराचे पैसे दिलेत ना?’ एवढा प्रश्न ठेकेदाराला विचारण्यास घरमालकाला कोणीही अडवलेले नाही.

काही आक्षेप

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात व ते अगदीच निराधार नाहीत. हाताने केलेली वस्तू महाग पडते, हा पहिला आक्षेप. यंत्राच्या वस्तूशी तुलना केल्यास ती महाग वाटते खरी. परंतु पितळी वा लोखंडी वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकते, तर राळेची मूर्ती एकदा पडली की केरात जाते. वापराच्या वर्षांनी किंमतीस भागून पाहिले की महाग-स्वस्ताचा हिशेब बदलतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा व वेळेचा. तो कारागिरांनी मनावर घेण्याजोगा आहे. बांबूवर प्रक्रिया न केल्यास त्याला कीड लागते. लोखंडावर योग्य लेप न दिल्यास ते गंजते. सांगितलेल्या दिवशी वस्तू न दिल्यास ग्राहक दुरावतो. केवळ हस्तकला म्हणून सदोष वस्तू पदरात घेणे ही कारागिराला मदत नव्हे. दोष सांगून ती सुधारून घेणारा ग्राहकच त्याचा खरा हितचिंतक होय. अर्थात ग्राहकानेही वस्तूचा स्वभाव ओळखावा. लोखंडी दिवा पावसाच्या माऱ्यात ठेवू नये, कोशाचा पडदा कडक उन्हात टांगू नये आणि दोन ढोकरा-मूर्तींमधील फरकास दोष मानू नये.

तिसरा आक्षेप असा, की यंत्रयुगात हातकामाचा आग्रह म्हणजे काळाचे काटे मागे फिरवणे. भिलाईत राहून यंत्राला नावे ठेवणे कोणासही शोभणार नाही. या शहराचे अन्नच यंत्राने दिले आहे. रूळ यंत्रानेच व्हावेत, कारण ते सर्वत्र एकसारखे असावे लागतात. घरे मात्र एकसारखी असू नयेत. क्वार्टरमध्ये तीस वर्षे एकाच नमुन्याच्या भिंतींत राहिलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

शाखेतील दोन टेबले

शेवटी बँकेच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. कोणत्याही शाखेत एका टेबलावर गृहकर्जाचे अर्ज घेतले जातात आणि दुसऱ्या टेबलावर लघुउद्योगाच्या कर्जाचे. पहिल्या टेबलासमोर बसलेल्या ग्राहकाला घर सजवायचे असते. दुसऱ्यासमोर बसलेल्याला सजावटीची वस्तू विकायची असते. दोघे एकाच बाकावर शेजारी बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतात आणि एकमेकांची ओळख न होताच परत जातात. ही ओळख करून देण्यास कोणत्याही नव्या योजनेची वा परिपत्रकाची आवश्यकता नाही. कारागीर कर्जदारांच्या संमतीने त्यांच्या वस्तूंचे एखादे छोटे कपाट शाखेत मांडता येईल. दिवाळीपूर्वी दोन दिवस शाखेच्या आवारात त्यांना जागा देता येईल. कर्ज मंजूर करताना हातातील मागणीची विचारपूस करता येईल आणि हप्त्यांची आखणी शक्य तेथे विक्रीच्या हंगामाशी जुळवून घेता येईल.

कर्मचाऱ्यांनाही सुरुवात स्वतःपासून करता येण्याजोगी आहे. बदलीच्या वा निवृत्तीच्या निरोपसमारंभात दिली जाणारी भेट, शाखेच्या वर्धापनदिनाची स्मृतिचिन्हे आणि ग्राहकमेळाव्यातील सत्काराच्या वस्तू दरवर्षी लागतातच. त्या आयत्या वेळी बाजारातून आणण्याऐवजी वर्षारंभीच एखाद्या कारागिराला सांगून ठेवल्या, तर एका घराला वर्षभराचा आधार मिळेल. छत्तीसगड शासनाची ‘शबरी’ विक्रीकेंद्रे हस्तशिल्पासाठी आणि ‘बिलासा’ केंद्रे हातमागासाठी आहेतच. ज्यांना कारागिरापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी तो मार्ग सोयीचा आहे.

येत्या काळात भिलाईत कितीतरी नवी घरे उभी राहतील. त्यांपैकी अनेकांना बँकेच्या कर्जाचा हातभार लागेल. त्या घरांत पाऊल टाकताच हे घर छत्तीसगडच्या भूमीवर उभे आहे, असे पाहुण्याला जाणवावे. भिंतीवरचा दिवा कोणी घडवला असे त्याने विचारताच घरच्या माणसाला घडवणाऱ्याचे नाव आणि गाव सांगता यावे. तेवढे नाव सांगता आले, की पुढील मागणी त्या पाहुण्याकडूनच जाईल आणि कोंडागावातील एखाद्या घरी ऐन पावसाळ्यातही हप्त्याची चिंता थोडी हलकी होईल. गणपतीसाठी पाट नेऊन ठेवणाऱ्या हातांना घरासाठीही तो नेऊन ठेवणे कठीण जाणार नाही.